भावनाच्या कवटीतलं भोक

भावना माझी शेजारीण. कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत आमच्या दोन क्वार्टरांमध्ये एकच भिंत आहे, त्यामुळे तिच्या घरच्या फोडणीचा ठसका मला आधी लागतो. स्वभावाने इतकी गरीब, की भाजीवाल्याने सडका टमाटा दिला तरी परत करणार नाही. मला तिच्या या गरीबपणाचा रागच येतो. पण याच बाईने एक खोटं संसारभर जपलं होतं, आणि त्यापायी या उन्हाळ्यात आमचा सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला.

बसमधून उतरताना तिचं डोकं दांड्यावर आपटलं. चक्कर येऊ लागली म्हणून तिचा नवरा शालिकराम तिला नागपूरला रामदासपेठेतल्या दवाखान्यात घेऊन गेला. तो प्लांटमध्ये शिफ्टची नोकरी करतो, एकटा गडबडतो, म्हणून मीही सोबत. सीटी स्कॅन झाला. मेंदूला काही इजा नव्हती. पण उजव्या कानाच्या वर कवटीच्या हाडात एक भोक निघालं. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. पांढऱ्या हाडात रुपयाएवढा काळा गोल.

"कडा साफ आहेत," डॉक्टर म्हणाले. "लहानपणी डोक्याचं ऑपरेशन झालं होतं का?"

भावनाने शालिकरामकडे पाहिलं आणि "नाही" म्हणाली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा नाहीच म्हणाली.

मग काय, सगळ्याच शंका आल्या. हाड पोखरणारा आजार असेल, गाठ असेल, दुसरीकडून पसरलेला कॅन्सरही असेल. डॉक्टरांना दोष कसा द्यायचा? पेशंट नाही म्हणतो, तर त्यांना शोधावंच लागतं. एमआरआय झाला. तेव्हा मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या सगळं काढून शालिकरामच्या रुमालात बांधलं, आणि हा माणूस ती पुरचुंडी मुठीत धरून बाहेर बसला. मग इंजेक्शन देऊन अंगातली सगळी हाडं बघायची तपासणी झाली. काही सापडेना, आणि भोक तर दिसतच होतं. शेवटी तिथलं थोडं हाड काढून तपासायचं ठरलं.

शालिकराम शिफ्ट करून थेट दवाखान्यात यायचा. जेवता जेवता त्याचे डोळे मिटायचे. गावी शेतावर राहणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या आईला, भागीरथाबाईंना, तो फोनवर "डोळे तपासून राहिलो भावनाचे" असं सांगायचा. मीही थकले होते. खरं सांगते, एकदा तर वाटलं, काय निघायचं ते निघो आणि सुटका होवो.

अशाच एका परतीच्या बसमध्ये भावना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ताई, ऑपरेशन झालं होतं माह्यं."

लहानपणी कानातला पू डोक्यात गेला होता, झटके यायचे. सरकारी दवाखान्यात भोक पाडून पू काढला, झटके कायमचे थांबले. लग्नाच्या वेळी आईने शपथ घातली, सासरी ब्र काढायचा नाही. झटक्यांची पोरगी कोण करून घेईल?

"अवं, मंग सांग ना आता! हाड काढतीन तुह्यं!"

"काढू दे. मिनलचं लग्न जमून राहिलं. लोक म्हणतीन, मायले झटके येत होते, पोरीलेही येतीन."

मिनल तिची एकुलती एक लेक. मी कपाळावर हात मारला. रागावण्याचंही त्राण नव्हतं माझ्यात, आणि तिचं गुपित मी परस्पर फोडणार तरी कशी?

हाड काढायच्या आदल्या दिवशी भागीरथाबाई अचानक येऊन थडकल्या. गावात कुणीतरी कॅन्सर म्हणून सांगितलं होतं. पिशवी खाली न ठेवताच त्यांनी लेकाला विचारलं, "कुठी हाय भोक?"

शालिकरामने स्वतःच्या कानाच्या वर बोट ठेवलं.

म्हातारी मटकन खाली बसली. मला वाटलं, आता रडणार. ती चिडून म्हणाली, "त्याच्यासाठी सारं करून राहिले? मिनल झाली तवा हिची माय आजारी होती, बाळंतपण म्याच केलं. डोक्याले तेल घासलं, तवाच बोटाले खड्डा लागला व्हता. वरून टाक्याचा वण. डॉक्टरले सांग, लई जुनं हाय ते."

शालिकरामने बायकोकडे पाहिलं. भावनाने 'हो' म्हणून मान हलवली. तो मोबाईल घेऊन दवाखान्याला फोन लावायला बाहेर गेला.

"मंग बोलल्या काहून नाही, बाई?" मी विचारलं.

"का बोलू? हिच्या मायनं लपवलं, म्हणजे काही कारण असन. चार लोकांत गेलं असतं तर हिलेच नांदणं जड झालं असतं."

भावना भिंतीला टेकून उभी होती. सुटल्याचा आनंद तिच्या तोंडावर शोधूनही सापडला नसता. ती भयंकर दमलेली दिसत होती, आणि चिडलेलीही. तिला चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मले तरी सांगाचं होतं ना, आई," ती म्हणाली. "त्या बाळंतपणानंतर, खड्डा तुमच्या हाताले लागन म्हणून, मी तुमच्याजवळ कधी वेणीसुद्धा घालून घेतली नाही."