कुसुमला समुद्रावर नेलं, कोणीही न उचलता

नाशिकच्या देशपांडेबाई, गुडघ्याचं पाणी उतरलं का? साताऱ्याचे माने, तुमची साखर आता ताळ्यावर आहे ना, की अजून चोरून जिलबी चालू आहे? देवरुखच्या सुलूताईंच्या डोळ्याची पट्टी सुटली असेल. सुटली असेल तर हे स्वतः वाचा, नसेल तर सुनेकडून वाचून घ्या, पण डोळ्यांना ताण देऊ नका. बाकी जे नाव न लिहिता गुपचूप वाचून जातात, तेही ठणठणीत असोत.

आमच्याकडचं विचाराल तर माझं बरं आहे. आमच्या हिचं, कुसुमचं, तुम्हाला माहीत आहेच. दीड वर्षापूर्वी न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि चाकाची खुर्ची घरात आली. हात धड, जीभ त्याहून धड, पण पायावर उभं राहणं म्हणजे कशाला तरी धरून चार क्षण. पहिल्या महिन्यांत दोन लग्नांना तिला लोकांनी खुर्चीसकट उचलून मांडवात नेलं. दुसऱ्या लग्नाहून आली ती म्हणाली, "मी काय तांदळाचं पोतं आहे? आता मला कोणी उचलायचं नाही आणि मी कुठे येणार नाही." तेव्हापासून उंबऱ्याबाहेर नाही.

मग परवा संक्रांतीनंतर एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, एकदा समुद्रात पाय बुडवायचे राहिले."

मी चाट पडलो. आमचं लग्न होऊन एक्कावन्न वर्षं झाली. चिपळुणात राहतो, कोकणातली माणसं आम्ही. पण माझं टेलरिंगचं दुकान. मे महिन्यात लग्नाचे ब्लाउज, जूनला शाळेचे गणवेश, मग गणपती, मग दिवाळी. ज्या दिवसांत जग फिरायला जातं त्या दिवसांत आम्ही मशीनवर. दोनदा नातेवाइकांबरोबर गणपतीपुळ्याला गेली, तेव्हा सगळे पाण्यात आणि ही वाळूवर चपला न् पिशव्या राखत बसलेली. हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलंच नाही बघा.

म्हटलं, "नेतो."

"उचलून नाही."

"नाही."

"खोलीतून पाण्यापर्यंत खुर्ची चाकांवर जाईल तर येते. मध्ये कुठे कोणी हात घालून उचललं, तर तिथूनच घरी. आणि मग हा विषय पुन्हा नाही." हिचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. एकच संधी होती.

आमचा मुलगा मिलिंद पुण्यात असतो. त्याने फोनवर धडाधड ठिकाणं पाठवली. सगळ्या फोटोंत समुद्र खिडकीला चिकटलेला. पण मी आयुष्यभर कपडा बेतलेला माणूस. अंगाला टेप लावल्याशिवाय कात्री चालवत नाही. खुर्ची मोजली, पंचवीस इंच रुंद. टेप खिशात घातला आणि माघातल्या अष्टमीला सकाळी सहाच्या एसटीने रत्नागिरीला निघालो. वयामुळे अर्धं तिकीट. हायवेचं काम कुठे झालेलं, कुठे अर्धवट, त्यामुळे संगमेश्वरपर्यंत डावी-उजवी खूप. कंबरदुखीवाल्यांनी पुढची सीट धरावी. सव्वानऊला पोचलो. स्टँडबाहेर मिसळ खाल्ली आणि दिवसभरासाठी एक रिक्षा ठरवली. रिक्षावाले इक्बालभाई, पन्नाशीचे. कुठे जायचं विचारलं तर मी म्हटलं, "बायकोसाठी समुद्र बघायचाय."

"बघायचा काय, समोर आहे. घेऊन जायचा असेल तर जागा होणार नाही," म्हणाले आणि किक मारली.

आरे-वारेचा रस्ता मी काय वर्णू. एका वळणावर समुद्र उजाडल्यासारखा समोर येतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी मात्र लिंबू जवळ ठेवा.

पहिलं घर जयगडच्या बाजूला. फोनवर त्या घरच्या वहिनींना मी मुद्दाम विचारलं होतं, "पायऱ्या आहेत का?" त्या म्हणाल्या होत्या, "घराला एकही नाही. आणि समुद्र अगदी पायाशी." दोन्ही अक्षरशः खरं निघालं. अंगण सपाट, दार एकोणतीस इंच, खोली झकास. मी विचारलं, "समुद्राकडे कुठून?" त्यांनी परसदारी नेलं. तिथून जांभ्या दगडाची पाखाडी सरळ खाली उतरत होती, विहिरीत उतरावं तशी. मी मोजत उतरलो, मोजत चढलो. चौऱ्याऐंशी.

"वहिनी, ह्या पायऱ्या नाहीत का?"

"ही होय? ही पाखाडी," त्या अगदी सहज म्हणाल्या. "माझी सासू अजून माशांची पाटी घेऊन चढते."

यात लबाडी काही नव्हती. जन्मभर पाखाडीवर वावरलेल्या माणसाला ती रस्ताच वाटते. त्यांनी कोकम सरबत पाजलं, पैसे घेतले नाहीत. तुमचे पाय धड असतील तर हे घर जरूर घ्या. पण तुम्ही शोधायला निघालात तर एक ध्यानात ठेवा: 'पायऱ्या आहेत का' असं विचारू नका. 'चाकाची गाडी खोलीपासून ओल्या वाळूपर्यंत जाते का' असं विचारा.

मालगुंडला जेवलो. तांदळाची भाकरी, तळलेला बांगडा, सोलकढी. मग दुसरं ठिकाण. वर सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, मोठं रिसॉर्ट. मिलिंदचं मन ह्याच्यावरच बसलं होतं. खरं सांगतो, माझंही बसलं. जिकडे तिकडे उतार, दार छत्तीस इंच, न्हाणीघरात धरायला दांडे. ज्या सड्यावर गवताची काडी टिकत नाही तिथे त्यांनी माती आणून हिरवंगार गोल्फचं मैदान केलेलं. टोपी घातलेले एक गृहस्थ काठीने चेंडू हळूच ढकलत होते. चेंडू दिसेनासा झाला.

"गेला कुठे?" मी विचारलं.

"भोकात, काका," इक्बालभाई म्हणाले. "तिकडेच घालवायचा असतो. मग स्वतःच जाऊन काढायचा."

"आणि याचे पैसे कोण कोणाला देतं?"

"तो हॉटेलला देतो."

कचेरीतल्या मुलाने अदबीने सगळं दाखवलं. शेवटी मैदानाच्या टोकाला नेलं. कठड्यापलीकडे कडा, आणि खाली खोल समुद्र. मी म्हटलं, "खाली कसं जायचं?" तो म्हणाला, "गोल्फची बॅटरीची गाडी आहे ना काका, अर्ध्यापर्यंत जाते. पुढे दोन माणसं देतो, आजींना खुर्चीसकट उचलून नेतील. फुलासारखं."

फुलासारखं म्हटलं म्हणून उचलणं बदलत नाही. मिलिंदला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, तेच घ्या. आईला खिडकीतून समुद्र दिसेल, जेवण खोलीत येईल. सगळंच कुठे मनासारखं मिळतं?"

"खिडकीतून बघायला घरी टीव्ही आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. पण रिक्षात बसताना मी दोनदा मागे वळून पाहिलं. भाडंही तिथलं आमच्या आवाक्याच्या काठावरचं होतं, तरी दिलं असतं. दुधाची तहान ताकावर भागवायची असं हिला सांगायचं कोणत्या तोंडाने?

इक्बालभाईंनी आरशातून माझं तोंड पाहिलं. म्हणाले, "आपल्या इथल्या काळबादेवी गावात एक तात्या आहेत. जन्मभर होडीवर होते. आता सून तीन खोल्या भाड्याने देते. फोटोबिटो नाहीत कुठे. बघायचं?"

पावणेपाचला पोचलो. नारळी-पोफळीच्या मधे बैठं घर, शेणाने सारवलेलं अंगण, मागच्या फाटकातून सुरूच्या झाडांत सपाट पायवाट. पलीकडे वाळू. एकही पायरी नाही आणि पाखाडीही नाही. बाथरूमचं दार तेवढं साडेचोवीस भरलं. खुर्ची पंचवीस. मी टेप तीनदा लावला म्हणून इंच वाढतो थोडाच. तात्यांची सून वैशाली कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "दार काढून ठेवते बिजागरीतनं. मग सत्तावीस होईल. पडदा लावू."

"पडदा मी शिवून आणतो," मी म्हटलं. माझ्या जिवात जीव आला.

आता राहिली वाळू. अंगणात गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कामासाठी एकचाकी गाडी होती. इक्बालभाईंनी विचारलं, "काकूंचं वजन किती?" मी म्हटलं, बावन्न-पंचावन्न. त्यांनी जांभ्या दगडाचे दोन चिरे गाडीत ठेवले. "झाल्या काकू," म्हणाले. निघालो. सुरूतून ठीक गेली, वाळूवर आली आणि चाक रुतलं. ढकललं, ओढलं, आणखी रुतलं. पाणी समोरच दहा हातांवर होतं, मधली सगळी भुसभुशीत. मी मटकन तिथेच बसलो. एवढं सगळं जुळलं आणि दहा हातांसाठी फसलं.

तात्या मागून काठी टेकत आले. ऐंशीच्या पुढचे, कातडी वाळवलेल्या माशासारखी. "काय झाला?"

"वाळूत चाक जात नाही हो."

"आज कसा जाईल? आज आठम. आठमीला संध्याकाळी पाणी वर असता. घट्ट वाळू सगळी पाण्याखाली आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पाऊणकी येते काय तुम्हाला?"

आता ही पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. नव्या पिढीला ऐकूनही ठाऊक नसेल. सातवीपर्यंतची माझी शाळा, पण पावकी, निमकी, पाऊणकी छडीवर पाठ केलेली, आणि पुढे सारा जन्म पाव-पाऊण इंचातच गेला. म्हटलं, "येते."

"मग झाला. तिथीला पाऊणने गुणायचा. येईल तेव्हा भरती. चौथीला तीन वाजता. आठमीला किती?"

"सहा."

"बघा घड्याळात. आणि सहा तासांनी ओहोटी. आता पुनवेचा सांगा."

पंधरा पाऊण सव्वाअकरा. सकाळी सव्वाअकराला भरती, म्हणजे संध्याकाळी सव्वापाचला पूर्ण ओहोटी. उन्हं उतरलेली, आणि पुनवेला पाणी जातंही लांब. मी बसल्या जागेवरून उठलो.

तरी टेप लावल्याशिवाय विश्वास नाही. रात्रीचा मुक्काम तिथेच केला. खोलीला बाराशे, जेवण वेगळं. वैशालीची कुळथाची पिठी आणि सुका जवळा खाऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी नवमी, म्हणजे ओहोटी पाऊण वाजता. इक्बालभाई दुपारी बाराला आपण होऊन हजर. म्हणाले, "काकूंचं काय झालं ते बघायला आलो." पाणी मागे गेलं होतं आणि मधे करडी, ओली, फरशीसारखी वाळू पसरली होती. रिकामी गाडी तिथवर उचलून नेली, चिरे घातले, आणि ती त्यावरून अशी पळाली की तिच्यामागे मला धावावं लागलं. पायवाट संपते तिथपासून ओल्या वाळूपर्यंत वीसेक पावलांची भुसभुशीत पट्टी उरत होती. तात्या म्हणाले, "होडी ओढायच्या फळ्या आहेत, त्या टाकू." पौर्णिमेची खोली ठरवूनच चिपळूणची एसटी धरली.

पौर्णिमा आठवड्याच्या मधल्या वारी आली. मिलिंदने कुरकुर केली, पण रजा टाकून गाडी घेऊन आला. कुसुम खुर्चीतून गाडीत स्वतः सरकली, दाराला धरून. वाटेत एक थांबा, आणि दुपारी काळबादेवी. बिजागऱ्यांतून दार निघालेलं, माझा पडदा लागला. खुर्ची आत गेली, बाहेर आली. हिने फक्त मान हलवली. अजून मुख्य परीक्षा बाकी होती.

पाच वाजता निघालो. मी मागे, मिलिंद बाजूला, तात्या पुढे, आणि इक्बालभाई सुरूखाली उभे. पायवाट संपली, फळ्या आल्या. अर्ध्यावर पुढचं बारकं चाक दोन फळ्यांच्या फटीत गेलं आणि खुर्ची तिरकी झाली. मिलिंद झटकन वाकला, आईच्या काखेत हात घालायला.

कुसुमने नुसतं बोट वर केलं. तो तसाच थांबला. इतक्या लांब येऊन इथून परत.

तात्या म्हणाले, "होडी कधी तोंडाने ओढतात काय? फिरवा. मोठी चाकं पुढे."

मी खुर्ची मागे रेटून चाक सोडवलं, फळीवरच वळवली आणि उलटी ओढत नेली. मोठी चाकं फटीवरून आरामात गेली. (खुर्ची वाळूत न्यायची असेल तर नेहमी उलटी न्या, हे लिहून ठेवा.) कुसुम आता मागे तोंड करून, मिलिंदकडे बघत समुद्राकडे चालली होती. "तुझं पोट सुटलंय रे," ती त्याला म्हणाली.

ओली वाळू लागली तशी चाकं गुणगुणायला लागली. मी खुर्ची सरळ केली. समोर सगळा समुद्र. मी ढकलायला लागलो तर म्हणाली, "सोडा."

मी हात काढले. तिने दोन्ही चाकांवर हात ठेवले आणि स्वतः गेली. सावकाश, मधे एकदा थांबून, पदर खोचून. पाणी आलं, पावलांवरून गेलं, घोट्यावर चढलं, परत फिरलं. चौथ्या की पाचव्या लाटेला म्हणाली, "गार नाही हो एवढं. उगाच घाबरवतात." आणि मग, "इक्बालभाई सांगत होते, मला चिऱ्यांत मोजलंत म्हणे?"

"दोन चिरे फक्त," मी म्हटलं.

"एक आता इथे सोडून जाते." पन्नास वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. परतणारं पाणी चाकाखालची वाळू नेत होतं आणि खुर्ची हळूहळू खाली बसत होती. "हलवा हो जरा, मी रुजतेय इथे," म्हणाली. दोन बोटं सरकवली. पुन्हा रुजली, पुन्हा हलवली. असे दीड तास चाललो त्या काठाने. समोर सूर्य बुडाला आणि मागे सुरूच्या डोक्यावर चंद्र आला, तरी परत चला म्हणायची माझी छाती होईना. शेवटी तीच म्हणाली, "चला, भूक लागली." वैशालीने घावने आणि नारळाचा रस केला होता. हिने पाच खाल्ले.

एक कामाची गोष्ट: परत आल्यावर खुर्चीची चाकं गोड्या पाण्याने धुवा आणि मशीनचं तेल सोडा, नाहीतर खाऱ्या पाण्याने बेअरिंग जाईल. मी दोन्ही संध्याकाळी सोडलं. दुसऱ्या संध्याकाळी ओहोटी सहाच्या सुमारास होती. हे मला कुसुमने सांगितलं. पाऊणकी तिलाही येते, हेही मला एक्कावन्न वर्षांनी कळलं.

परत येऊन आज पाचवा दिवस. मी हिला बाहेर नेता येईल असं घर शोधत होतो खरा, पण हिला घर नको होतं, रस्ता हवा होता. आणि तो होता. काल मी म्हटलं, हिची बॅग रिकामी करून माळ्यावर टाकतो. तर म्हणाली, "असू दे तशीच. नुसत्या धुतलेल्या साड्या आत ठेवा. आणि तुमच्या त्या वाचणाऱ्यांना विचारा."

म्हणून विचारतो. देशपांडेबाई, माने, सुलूताई, आणि गुपचूप वाचणारे तुम्ही सगळे: जिथे खोलीपासून नदीपर्यंत, देवळापर्यंत, बाजारापर्यंत चाकं जातात असं एखादं ठिकाण तुमच्या माहितीत असलं, तर दोन ओळी लवकर लिहा. बॅग दाराशीच ठेवली आहे, आणि ती रोज मला विचारते, कोणाचं काही आलं का.