कललेला शिक्का

जपानात, तोयोसुतल्या आमच्या ऑफिसात अजून सहीऐवजी नावाचे शिक्के चालतात. कागदाच्या तळाशी दोन चौकोन असतात, डावीकडे वरिष्ठाचा, उजवीकडे कनिष्ठाचा. वरिष्ठाचा शिक्का ताठ. कनिष्ठाने आपला जरा डावीकडे कलता उमटवायचा, म्हणजे तो साहेबाला वाकून नमस्कार करतो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. आमचे काचो, म्हणजे विभागप्रमुख, मात्र हसले नाहीत. निवृत्तीला टेकलेला, कमालीचा नीटस माणूस.

आम्ही तिकिटाच्या यंत्राचं सॉफ्टवेअर करत होतो. पाया ओपन सोर्सचा, म्हणजे खुल्या कोडचा. त्यात एका व्हेंडरने दिलेला प्रिंटरचा भाग मी जोडला. त्याचं लायसन्स जाडजूड, तेही जपानीत. 'वाचले' या रकान्याखाली मी न वाचताच शिक्का हाणला. 'मान्य आहे'वर बोट ठेवण्याआधी कधी कुणी वाचतं का? माझ्या भरवशावर काचोंनीही शेजारी आपला उमटवला.

यंत्र ग्राहकाकडे जायच्या आठवड्यात योमिआवासे होतं. एकाने कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने ओळींवरून बोट फिरवायचं. काचो वाचत होते, मी जांभया गिळत होते. प्रिंटरच्या लायसन्समधल्या एका कलमाशी ते अडखळले. हा कोड कुणालाही दाखवायचा नाही, असं ते कलम सांगत होतं. खुल्या कोडची अट नेमकी उलटी: माझ्यात जे मिसळाल, तेही यंत्र घेणाऱ्याला दाखवा. एक म्हणतं दार उघडा, दुसरं म्हणतं कुलूप घाला. दोघांचा संसार एका यंत्रात होणं शक्यच नव्हतं.

"मी वाचलं नव्हतं," मी कशीबशी म्हणाले.

"मीही नाही," काचो म्हणाले. "तुमचा शिक्का होता ना."

त्यापेक्षा ते ओरडले असते तर परवडलं असतं. हा माणूस आता माझ्या शब्दावर पुन्हा कधी विसंबणार नाही, हे माझ्या मनाला फार लागलं.

व्हेंडरकडे सवलत मागितली. "जरा अवघड आहे," असं उत्तर आलं. इथे त्याचा अर्थ 'नाही'. मुदत हुकली. ग्राहकापुढे आम्ही दोघं कमरेतून वाकलो, काचो माझ्याहून जास्त वेळ.

मग प्रिंटरचा भाग मी स्वतः पहिल्यापासून लिहायला घेतला. काचो रोज संध्याकाळी कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, माझ्यासाठी ओनिगिरी, भाताचे गोळे, आणत. मी शाकाहारी, म्हणून दुकानात चष्मा कपाळावर चढवून वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचत, कुठे माशाचा अर्क तर नाही ना. मला त्यांची इतकी माया वाटे आणि स्वतःची तितकीच लाज.

काम संपलं. या वेळी प्रत्येक लायसन्स मी शब्दन्‌शब्द वाचलं आणि शिक्का नीट डावीकडे कलवून उमटवला. अजिबात हसले नाही. कागद काचोंच्या टेबलावर ठेवला, तो मिनिटभरात परत आला.

"एवढ्यात? तुम्ही वाचलंत?"

"तुम्ही वाचलंय ना," ते म्हणाले आणि कामाला लागले.

मी कागदाकडे पाहिलं. त्यांचा शिक्का उजवीकडे, माझ्याकडे कलला होता.