तुमचं पुढे काय?

आमच्या कॉलेजला मजला एकच होता आणि जिने दोन. दोन्ही जिने गच्चीवर जाऊन थांबत, आणि गच्चीवर लोखंडी सळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असत. विद्यापीठाची पाहणी समिती पुण्याहून जळगावला आली, तेव्हा तिच्यातल्या एका सद्गृहस्थांनी जिन्याच्या तोंडाशी थांबून विचारले, "हा जिना कुठे जातो?"

"अजून कुठे जात नाही," आमचे प्राचार्य म्हणाले, "पण निघालेला आहे."

सद्गृहस्थांनी वहीत काहीतरी लिहिले. बहुधा 'जिने : दोन' असे लिहिले असावे. समित्या मोजण्यापलीकडे सहसा जात नाहीत.

प्राचार्यांना आम्ही सगळे नाना म्हणत असू. ते मूळचे शिंदखेड्याचे, विषय इतिहास. मागचे शिकवणाऱ्या या माणसाला काळजी सगळी पुढची. 'प्राचार्यांनी बोलावले आहे' हे वाक्य त्यांच्या कारकिर्दीत मी ऐकले नाही. काम असले की ते स्वतःच शिक्षकांच्या खोलीत येत, माठातले पाणी पीत आणि पेला उपडा ठेवता ठेवता समोर सापडेल त्याला विचारत, "तुमचं पुढे काय?"

मला पहिल्यांदा विचारले तेव्हा मी नवा होतो. म्हणालो, "पुढे अर्थशास्त्राचा तास आहे." नाना हसले नाहीत. "तास संपल्यावर सांगा," म्हणाले, आणि तास संपल्यावर खरोखरच दाराशी उभे होते. त्या संध्याकाळी मी पीएच.डी.साठी नाव नोंदवण्याचे कबूल करून बसलो. मंत्र्यांची भाषणे ऐकून मी कधी काही कबूल केले नव्हते. पण दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाला नाही कसे म्हणायचे?

भामरेने मात्र या प्रश्नाला सरळ उत्तर दिले. भामरे आमचा वनस्पतिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर, साक्रीकडचा. रानातले झाड दुरून ओळखायचा. पण नुसता बी.एस्सी., त्यामुळे जन्मभर मुलांच्या हातात पाती आणि सुया देत राहणार हे त्यालाही ठाऊक होते. तो म्हणाला, "नाना, एम.एस्सी. करायचंय. पण पुण्याला दोन वर्षं गेलो तर इथली जागा जाईल. घरी खाणारी तोंडं सहा."

"जागा जाणार नाही," नाना म्हणाले.

जागा न जाऊ देण्याची नानांची रीत विलक्षण होती. भामरेच्या जागी तात्पुरता माणूस घ्यायचा नाही. एकदा घेतलेला तात्पुरता माणूस आमच्याकडे निवृत्त होईपर्यंत तात्पुरता राहतो, हे त्यांना माहीत होते. म्हणून भामरेचे प्रयोगांचे तास आपण वाटून घ्यायचे. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी चार तुकड्या उचलल्या. शनिवारची एक उरली, ती नानांनी स्वतः घेतली, आणि हजेरीला व आकृत्यांवर सह्या करायला मला बरोबर नेले. एक इतिहासाचा, एक अर्थशास्त्राचा. मुलांचे कल्याण झाले.

संस्थेचे अध्यक्ष शेठजी. त्यांची जिनिंग फॅक्टरी होती, आणि सभेला ते कोट घालून येत. त्यांनी रजा मंजूर केली, पण अट घातली : वनस्पतिशास्त्राचे काम नीट चालत नाही असे दिसले, की जागा भरायची. शिवाय म्हणाले, "परत येण्याचं त्याच्याकडून लिहून तरी घ्या."

"लिहून दिलं म्हणून परत आलेला माणूस हजेरी लावतो, शेठजी, शिकवत नाही," नाना म्हणाले. लिहून घेतले नाही.

पहिले वर्ष संपत आले होते, आणि नाना रोज सकाळी ग्रंथालयात बसून शनिवारची तयारी करत होते. त्या शनिवारी त्यांनी केळीचा एक जाड तुकडा टेबलावर ठेवला, कापला आणि सांगितले, "हे खोड. याचा आडवा छेद काढा." मागच्या बाकावरून सावद्याच्या एका मुलाने हात वर केला. त्याच्या घरी केळीचेच मळे.

"सर, हे खोड न्हई. हे तं पानायचे देठ हायेत, एकावर एक गुंडायेल. केयीचं खरं खोड जमिनीत राह्यते."

नानांनी तुकड्याचा एक पापुद्रा सोलला, मग दुसरा, मग तिसरा. "खरंच की," म्हणाले. "इकडे या. आजचा तास तुम्ही घ्या." मुलाने उरलेला तास घेतला, आणि चांगला घेतला. नाना त्याच्या बाकावर बसून लिहून घेत होते. वर तासाच्या नोंदवहीत त्यांनी शेरा मारला, 'आज प्राचार्यांची चूक विद्यार्थ्याने दुरुस्त केली.' मी म्हणालो, "नाना, हे लिहायची काय गरज?" "घडलंय ना?" ते म्हणाले.

केळीच्या मुलखात केळीची चूक लपत नाही. आठवड्यात ती गोष्ट बाजारभर झाली, आणि पुढच्या सभेत शेठजींनी नोंदवहीच मागवली. शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मी तिथे होतो.

"काय हो नाना, केळीला खोड म्हणता म्हणे? आमचा हमालही सांगेल हो!"

"त्यालाच विचारायला हवं होतं," नाना म्हणाले. "चूक माझी आहे."

"म्हणजे काम नीट चालत नाही. भामरेची जागा भरून टाका."

"चूक मी केली, आणि जागा त्याची जाणार?"

एक सभासद म्हणाले, दर वेळी प्राचार्यांचेच ऐकायचे तर मंडळ कशाला? विषयपत्रिकेवर पुढचाच विषय नानांच्या मुदतवाढीचा होता. त्यांची साठ वर्षे पूर्ण होत होती. आणखी तीन वर्षे मिळाली तर वरचा मजला आपल्या डोळ्यांदेखत होईल, असे ते मला कितीदा तरी बोलले होते. नानांनी विषयपत्रिका पुढे ओढली, खिशातले पेन काढले आणि स्वतःच्या नावावर काट मारली.

"हा विषय राहू द्या. भामरेची रजा तेवढी चालू ठेवा. शनिवारची तुकडी हे घेतील." हे म्हणजे मी.

शेठजींनी होकाराची मान हलवली. ते वाईट गृहस्थ नव्हते. काहीतरी नाकारल्याशिवाय सभा झाल्यासारखी त्यांना वाटत नसे, इतकेच.

निरोपसमारंभात हारांचा ढीग झाला. ज्यांनी त्यांना जाऊ दिले, त्यांनीच 'पोकळी भरून न येणारी' वगैरे सांगितले. नाना शिंदखेड्याला गेले, आणि प्राचार्यपदाचा तात्पुरता भार माझ्यावर आला. तात्पुरत्याचे आमच्याकडे काय होते ते वर सांगितलेच आहे. वर्षभर मी दर शनिवारी प्रयोगशाळेत उभा राहिलो, आणि भामरेची जागा राहिली.

भामरे एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आला. पेढे घेऊन माझ्यासमोर बसला, पण डोळे वर करीना. त्याला पुण्यातच व्याख्याता म्हणून बोलावले होते, संशोधनाचीही सोय होती. मला इतका राग आला की पेढा हातातच राहिला. म्हणालो, "मला नको सांगू. नानांना सांग."

सुरत लाइनच्या पॅसेंजरने आम्ही दोघे शिंदखेड्याला गेलो. नाना ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. भामरे पायांशी वाकला आणि घरच्या बोलीत म्हणाला, "नाना, मनी चूक व्हयनी. मी परत येत नही."

"चूक कसानी?" नाना म्हणाले. सभेत शुद्ध बोलणाऱ्या नानांची अहिराणी मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. "बठ्ठा परत वनात ते बाहेर कोन ऱ्हाई? जाय, चांगलं काम कर." सगळेच परत आले तर बाहेर कोण राहणार, असे ते विचारत होते.

भामरे रडू लागला. मला राहवले नाही. "नाना, तुम्ही त्याच्यासाठी मुदतवाढ सोडलीत."

"त्याच्या शिकण्यासाठी सोडली. तो शिकला." नानांनी शेंगदाण्यांची मूठ माझ्यापुढे केली. "आता जागा रिकामी झाली ना? तिथे शिकलेला माणूस घ्या. आणि यानंतर शिकायला कुणाला पाठवता?"

"त्याचे तास कोण घेणार?"

नानांनी उरलेल्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.

नाना गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. माझ्या काळात आमच्या कॉलेजातून कितीतरी जण शिकायला गेले. काही परत आले, काही आले नाहीत. न आलेल्यांची नावे मला जास्त नीट आठवतात, कारण त्यांचे तास मी घेतले होते.