गरम कपाटातली बिअर

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण उल्हास टेंबेला त्या ब्रह्मराक्षसावर नजर ठेवायचा पगार मिळत होता. साउथहॅम्प्टनच्या बंदराजवळ कंटेनरचं एक मोठं गोदाम होतं, तिथे तो सेफ्टी ऑफिसर होता. कुठे काय पडेल, कोण कशावरून घसरेल, कुठली साखळी तुटेल हे आधी मनात आणायचं आणि मग तिथे पिवळी पाटी लावायची, हे त्याचं काम. मिरजेतल्या या घाबरट मुलाच्या घाबरटपणाचं इतकं चीज होईल असं त्याच्या वडिलांनाही कधी वाटलं नसेल.

घरात मात्र त्याच्या भीतीला कवडीची किंमत नव्हती. लग्न झाल्यापासून त्याची बायको वीणा एकच ऐकत आली होती. गॅस बंद केलास ना, पायरी ओली आहे, समोरच्यांचा कुत्रा आज वेगळाच बघतोय. वीणा 'हो हो' म्हणायची आणि त्याच ओल्या पायरीवरून तरातरा निघून जायची. लांडगा आला रे आला, हे त्या घरात इतक्यांदा ओरडून झालं होतं की खरा लांडगा दारात येऊन उभा राहिला असता तरी तिने त्याला चहा विचारला असता. "एका घरात दोघांनी घाबरून चालत नाही," असं ती चारचौघांत म्हणायची, "ते खातं उल्हासकडे आहे." लोक हसायचे. उल्हासही हसायचा, आणि निघताना कुलूप पुन्हा ओढून बघायचा.

वीणा हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती, हाडांच्या वॉर्डवर. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्यांना उभं करायचं आणि चार पावलं चालवायचं. अंगाने बारीक, पण हाताला विलक्षण जोर. म्हातारे तिला वचकून असायचे आणि घरी जाताना तिच्यासाठी चॉकलेटं ठेवून जायचे.

२०२० साली मार्च संपता संपता सगळं बंद झालं. उल्हासला दमा होता, म्हणून डॉक्टरांनी त्याला उंबरठा ओलांडायचा नाही असं बजावलं. एरवीच भित्रा, त्यात हे. दुधाचे डबे तो साबणाने धुवायचा, आणि केळीसुद्धा. खिडकीतून दूरवर धक्क्याला लागलेली प्रवासी जहाजं दिसायची, रिकामी, एकामागे एक उभी. त्यांच्याकडे बघवायचं नाही म्हणून त्याने तो पडदा कायमचा ओढून टाकला होता.

वीणा मात्र रोज कामावर जायची. परत आली की मागच्या दाराने आत, कपडे थेट मशीनमध्ये, जुना गाऊन गुंडाळून वर, जिन्याच्या टोकाच्या कपाटातून टॉवेल आणि मग आंघोळ. तोवर उल्हासने पुढच्या खोलीत दार लावून बसायचं. नंतर टेबलाच्या दोन टोकांना बसून जेवायचं. जेवताना तो रोज विचारायचा, "तुमच्याकडे आहेत का गं ते पेशंट?"

"आमचा हाडांचा वॉर्ड रे. तिकडे कोरोना फिरकत नाही."

या एका वाक्यावर तो दुसऱ्या दिवसापर्यंत तग धरायचा.

मे महिन्यात एकदा जेवता जेवता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "पबमध्ये जाऊन हाफ पाइंट प्यावीशी वाटतेय. थंडगार. बाकी काही नको." हॉस्पिटलसमोरच्या पबमध्ये शुक्रवारी मैत्रिणींबरोबर अर्धा ग्लास बिअर, एवढीच तिची चैन होती आणि तीही बंद झाली होती. वीणा सहसा काही मागत नसे. त्यामुळे ते वाक्य उल्हासच्या मनात घर करून बसलं.

दुकानातून बाटली मागवता आली असती, पण आठवड्याचं सामान आणून देणाऱ्या शेजारच्या पोराला बिअर आण म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. शिवाय त्याला ती स्वतः करून द्यायची होती. तिच्यासाठी काहीतरी करावं आणि ते बाहेर न पडता करावं, अशी संधी रोज कुठे मिळते? केंब्रिजला त्याचा कॉलेजातला मित्र अवधूत होता, तो घरी बिअर करायचा. त्याने फोनवर सांगितलं, "मोड आणून वाळवलेलं धान्य, यीस्ट, साखर, कडूपणासाठी काहीतरी. बाकी सगळी फॅशन आहे."

उल्हासने घर धुंडाळलं. लंडनमध्ये वेम्बलीच्या देशी दुकानातून आणलेली नाचणीची पिशवी होती. नाचणीला मोड आणणं त्याला नवीन नव्हतं. त्याची आई प्रत्येक बाळंतिणीसाठी सत्व करायची. त्याने नाचणी भिजवली, फडक्यात बांधली, मोड आले तसे खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर वाळवली, तव्यावर भाजली आणि मिक्सरमधून भरड काढली. एकदा घरी पाव करायचा बेत फसला होता, त्याचं यीस्ट उरलं होतं. गूळ होताच. कडूपणासाठी औषधाच्या डब्यात काडेकिराईत सापडलं, तापात घशाखाली उतरत नाही ते. गणपतीत मोदक उकडायचं मोठं पातेलं खाली काढलं. सगळं उकळून, गाळून, निववून त्यात यीस्ट घातलं आणि पातेलं झाकून जिन्याच्या टोकाच्या कपाटात ठेवलं.

त्या कपाटात गरम पाण्याची टाकी असते. त्या देशातले लोक तिच्या उबेत टॉवेल आणि चादरी ठेवतात. आपले लोक त्यातच इडलीचं पीठ ठेवतात. वीणाचं पीठही तिथेच फुगायचं आणि उल्हासने घोळ घातला तो इथे. पीठ फुगून वर आलं की झालं, आणखी ठेवलं तर आंबून वाया जातं, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. पातेल्यात फेस काठापर्यंत चढलेला त्याने पाहिला आणि हरखून गेला. झालीच की. त्याने ती फसफसती बिअर तशीच बाटल्यांत भरली. बाटल्या म्हणजे वीणाने धुऊन जपलेल्या सरबताच्या आणि व्हिनेगरच्या. तिला काच टाकवत नसे. बुडबुडे यावेत म्हणून अवधूतने बाटलीत थोडी साखर घालायला सांगितली होती. उल्हासने चांगला सढळ हाताने गूळ घातला, झाकणं पिळून बसवली आणि बाटल्या कपड्यांच्या टोपलीत उभ्या करून परत कपाटात ठेवल्या, टॉवेलांच्या मागे. शुक्रवारी वीणाला चकित करायचं होतं.

शुक्रवार यायच्या आधीच एका दुपारी वर धाडकन आवाज झाला.

उल्हासला आधी वाटलं टाकी फुटली. तो जिन्याच्या तळाशी आला आणि तिथेच खिळला. वरून काहीतरी तपकिरी पायऱ्यांवरून ओघळत येत होतं. आंबूस, गोड, जरासा काडेकिराईताचा वास. त्याने एक पाय पायरीवर ठेवला आणि दुसरा आवाज झाला. कपाटाची कडी निखळली, दार भिंतीवर आपटलं आणि काचेचा तुकडा त्याच्या डोक्यावरून जाऊन समोरच्या लग्नातल्या फोटोवर बसला. त्याची पाचावर धारण बसली.

स्वयंपाकघरात येऊन त्याने अवधूतला फोन लावला.

"भरलीस तेव्हा बुडबुडे थांबले होते ना?" अवधूतने विचारलं.

"थांबले? ऐन भरात होते."

 अवधूत सावकाश म्हणाला, "उल्हास, ऐक. त्या बाटल्या अजून आतल्या आत गॅस करतायत. ऊब आहे तोवर करत राहणार. एक हलली की शेजारचीही जाईल. तू जवळ जाऊ नकोस. हीटिंग बंद कर, दार लाव आणि दोन दिवस तिकडे फिरकू नकोस."

"दार तुटलंय. उघडं आहे."

"मग निदान कोणाला तिथून जाऊ देऊ नकोस."

उल्हासने घड्याळाकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. वीणा यायची वेळ होत आली होती. घरात न्हाणीघर एकच, तेही वर, त्या कपाटाला लागून. ती येणार, कुठेही न थांबता वर जाणार आणि टॉवेलासाठी त्याच कपाटात हात घालणार. चेहरा बाटल्यांच्या समोर, हातभर अंतरावर. त्याने फोन लावला. बंद होता, कामावर असताना तो लॉकरमध्येच असायचा.

दारात थांबवून सांगता आलं असतं. काय सांगणार? वर जाऊ नकोस, धोका आहे. हे वाक्य त्याने आजवर इतक्यांदा वापरलं होतं की त्यात काही दम राहिला नव्हता. ती 'हो हो' म्हणणार, आणि दमून आलेली बाई वर जाणार. आयुष्यभर खोट्या लांडग्यांसाठी आरडाओरडा केला, याची त्याला त्या क्षणी इतकी लाज वाटली की रडू यायचं बाकी राहिलं. आता एकच होतं. ती यायच्या आत वर जाऊन एकेक झाकण सैल करायचं.

गोदामातलं त्याचं सामान दाराशी लटकत होतं. त्याने हेल्मेट घातलं, डोळ्यांवर गॉगल चढवला, कोपरापर्यंतचे जाड हातमोजे घातले. पिवळं चमकतं जाकीटही घातलं. ते का, हे त्याला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हीटिंग बंद केलं. सिंकमध्ये रजई बुडवून काढली. ती ओली रजई पोटाशी धरून, एकेका पायरीवर थांबत, तो जीव मुठीत घेऊन वर निघाला. छातीत घरघर सुरू झाली होती. दम्याचा पंप खिशात होता, पण मोजे घातलेल्या हाताने तो निघेना.

वर काच सगळीकडे पसरली होती. टॉवेलांत काचेचे तुकडे रुतून बसले होते. रोज सगळ्यात वर वीणाचा निळा टॉवेल असायचा, त्यात बोटभर लांब तुकडा उभा होता. तो पाहिल्यावर उल्हासच्या मनात आपल्या स्वतःबद्दलच्या भीतीला जागाच उरली नाही.

त्याने रजई टोपलीवर टाकली, गुडघ्यांवर बसला, मान वळवली आणि रजईखाली हात घातला. पहिलं झाकण हाताला लागलं. फिरवलं, केसभर. फुस्स करून फेस मनगटावर आला, थांबला नाही, येतच राहिला. तो हलला नाही. दुसरं झाकण. मध्येच एक बाटली त्याच्या हातातच तडकली. मोज्याच्या आत काहीतरी ऊन ऊन वाटलं, ते त्याने बघितलं नाही. पुढचं झाकण. तोंडाने तो रामरक्षा म्हणत होता आणि पुन्हा पुन्हा एकाच ओळीवर अडकत होता.

टोपलीतल्या संपल्या. तेवढ्यात त्याला टाकीच्या मागे, भिंतीच्या बेचक्यात, एक बाटली दिसली. स्फोटाने उडून तिथे जाऊन अडकलेली, हात पोचणार नाही अशी. आत फेस दाटून पांढरा झाला होता.

खाली मागचं दार उघडलं.

"वीणा, वर येऊ नकोस," तो म्हणाला. ओरडला नाही. आपला आवाज इतका शांत कसा, याचं त्यालाच नवल वाटलं.

आणि वीणा थांबली. त्या आवाजात नेहमीचा उल्हास नव्हता म्हणूनच बहुधा.  उल्हासने रजई टाकीच्या मागे कोंबली, कपाटाचं दार लोटलं आणि झोपायच्या खोलीतलं ड्रॉवरचं जड कपाट ओढत आणून त्याला टेकवून ठेवलं. मग तो जिन्याच्या टोकाशी आला. हेल्मेट, गॉगल, पिवळं जाकीट, कोपरापर्यंत फेस आणि एका मोज्यातून ठिबकणारं रक्त.

खाली, शेवटच्या पायरीशी वीणा गाऊन गुंडाळून उभी होती. "हे काय केलंस रे?"

"तुझ्यासाठी बिअर करत होतो," तो म्हणाला. "बाटल्या फुटल्या. तू टॉवेल घ्यायला आली असतीस, म्हणून..."

तिने फोटोतली काच पाहिली, पायऱ्यांवरचे ओघळ पाहिले, त्याचा हात पाहिला. हसेल असं त्याला वाटलं. ती मटकन पायरीवर बसली.

"मी हाडांच्या वॉर्डवर नाहीये," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "एप्रिलपासून नाहीये. आम्हाला सगळ्यांना आयसीयूत हलवलंय. व्हेंटिलेटरवरच्यांना श्वास नीट जावा म्हणून पालथं करायचं असतं, त्याला खूप हात लागतात. आज सकाळी एकाला पालथं केलं, माझ्याच वयाचा, आणि तो परत..." तिने गाऊन घट्ट ओढून घेतला. "तुला सांगितलं असतं तर तू झोपला नसतास. मला रोज भीती वाटते, उल्हास. गाडीत बसल्यापासून वाटते. घरी येऊन कुठे घाबरू? ते खातं तुझ्याकडे होतं."

 रोज रात्री ज्या वाक्यावर उल्हास झोपत होता, ते वाक्य गेलं. ती रोज त्याच हवेत जाऊन येत होती, आणि मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून त्याला धीर देत होती. जिन्याचा कठडा धरून तो उभा राहिला. मग त्याने हेल्मेट काढून बाजूला ठेवलं आणि खाली उतरायला लागला.

"जवळ येऊ नकोस," वीणा म्हणाली. "माझी आंघोळ झाली नाहीये. तुझा दमा आहे."

केळी साबणाने धुणारा तो माणूस उतरत राहिला. शेवटच्या पायरीवर तिला अगदी खेटून बसला, आणि रक्ताचा नव्हता तो हात तिच्या खांद्यावर टाकला.

"घाबर तू," तो म्हणाला. "मी आहे."

वर कपाटात शेवटची बाटली फुटली. दोघंही दचकले. उठलं कोणीच नाही.