सातव्या गाण्याचं भांडण

आमच्या दुकानात तिला सगळे टाचणी म्हणतात. पडदे शिवताना चार-पाच टाचण्या ओठांत धरायची तिला सवय आहे, त्यामुळे काही विचारलं की उत्तर हुंकारातच मिळतं. मी कापड कापते, ती शिवते. आमची टेबलं समोरासमोर, आणि मध्ये कापडाच्या ताग्यांचा ढीग. एवढी वर्षं आम्ही एकमेकींना त्या ढिगावरून माना उंचावूनच बघत आलोय.

तिचा नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. चांगला उंचापुरा माणूस, बोलायला मोकळा. एका गिऱ्हाइकाच्या घरी फ्रिज भिंतीपासून ओढला, मागे बघायला खाली बसला, आणि पुन्हा उठलाच नाही. त्या बाईंना वाटलं, काम चाललंय. त्या चहा घेऊन आल्या तेव्हा कळलं.

टाचणी रडली नाही. पहिले काही दिवस नातेवाइकांनी कौतुक केलं, किती धीराची बाई आहे म्हणून. मग तेच नातेवाईक स्वयंपाकघरात कुजबुजायला लागले. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घर रिकामं व्हायलाही वेळ लागला नाही. सगळे गेल्यावर ती सरळ कामावर आली. मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, घे की अजून थोडे दिवस." ती म्हणाली, "घेऊन करू काय?" आणि मशीनवरचं झाकण काढलं.

तेव्हा एका दवाखान्याच्या पडद्यांचं मोठं काम आलं होतं. सगळे एकसारखे, करड्या रंगाचे, आतून पांढरं अस्तर. तिनं मान वर न करता शिवले. इस्त्रीला घेतले तेव्हा लक्षात आलं, बाईनं सगळ्या पडद्यांना अस्तर बाहेरच्या बाजूनं लावलंय. एकाला नाही, सगळ्यांना. मालकीणबाई कधी नव्हे त्या गप्प बसल्या. आम्ही दोघी खाली बसून शिवण उसवत राहिलो.

"मला माझा राग यायला हवा होता ना गं?" ती मध्येच म्हणाली.

"चुकतं माणसाचं."

"तसं नाही. यायला हवा होता, एवढं कळतंय. पण येत नाहीये." असं म्हणून तिनं पुढचा पडदा ओढून घेतला.

त्याच आठवड्यात तिच्या दादाचा फोन आला, ते गाण्याचं प्रकरण घेऊन. ते नीट सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

तिचा दादा आणि तिचा नवरा तंत्रशाळेपासूनचे दोस्त. दोघांना एका रॉक बँडचं वेड. चार जणांचा बँड, भरपूर ढणढणाट. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी ऐकलेलं सांगतेय. बँड कधीच मोडला, पण ह्यांचं वेड काही उतरलं नाही. तर त्या बँडच्या तिसऱ्या रेकॉर्डवर सगळी गाणी दणदणीत, आणि सातवं तेवढं संथ. पियानो, मागे व्हायोलिनचा ताफा, आणि गाणारा नेहमीचा गायकही नाही, ड्रम वाजवणारा. रेडिओवर ते कधी लागलं नाही. बाहेरच्या कुणाला ते माहीतही नाही. पण जे चाहते आहेत त्यांच्यात त्या एका गाण्यावरून उभी फूट. काही जण म्हणतात बँडनं केलेलं सगळ्यात खरं गाणं तेच. बाकीचे म्हणतात, गुळमट. कंपनीनं व्हायोलिन गळ्यात मारली आणि ह्यांनी मारून घेतली.

नवरा पहिल्या गटातला, दादा दुसऱ्या. टाचणीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा दादानं म्हणे घरच्यांना एवढंच सांगितलं, "मुलगा लाखात एक आहे, फक्त त्याला सातवं गाणं आवडतं. तेवढं चालवून घ्या."

लग्नानंतरही दर शनिवारी दादा यायचा आणि दोघं बाहेरच्या खोलीत जुंपायचे. दुसऱ्या कडव्यात ड्रमवाल्याचा आवाज फाटतो. नवरा म्हणायचा, तो फाटलेला तसाच ठेवला, ह्याला हिंमत लागते. दादा म्हणायचा, कसली हिंमत, सर्दी झाली होती त्याला. एकदा तर दादा जेवणाच्या ताटावरून उठून गेला होता. पुढच्या शनिवारी पुन्हा हजर.

ह्या वेडाचा एक अड्डाही होता. सायकलच्या दुकानावर जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या एका माणसाची खोली आहे, तिथं महिन्यातून एका रविवारी दुपारी पाच-सात चाहते जमायचे. टाचणीचा नवरा आणि दादा तिथले जुने मेंबर. आता त्या लोकांना नवऱ्याच्या आठवणीत एक दुपार करायची होती. दादानं फोन केला तो त्यासाठी.

"बरं," टाचणी म्हणाली. त्या दिवसांत ती सगळ्यालाच बरं म्हणायची. फोन ठेवून मला म्हणाली, "तू येशील? एकटीला नको वाटतं."

खोली लहान होती. भिंतभर फळ्या, फळ्यांवर रेकॉर्ड, खालून सायकलच्या पंपाचा आवाज. खुर्च्या चार घरांतून गोळा केल्यासारख्या. रेकॉर्डवाला, म्हणजे खोलीचा मालक, हळू बोलणारा, पिकल्या दाढीचा गृहस्थ. त्याच्याशिवाय एक बस चालवणारे काका आणि दातांच्या एक डॉक्टरीणबाई. अजून दोघं-तिघं मागं होते, ते बोललेच नाहीत. सगळे टाचणीला वहिनी म्हणत होते, आणि प्रत्येक जण तिला दुसरी खुर्ची देऊ बघत होता.

सुरुवातीला चांगलं चाललं होतं. बसवाल्या काकांनी सांगितलं की त्यांचा फ्रिज नवऱ्यानं तीनदा दुरुस्त केला आणि दर वेळी कामापेक्षा रेकॉर्डवर बोलण्यातच जास्त वेळ गेला. लोक हसले. टाचणीही हसली, म्हणजे तोंड हसल्यासारखं केलं. मग रेकॉर्डवाला म्हणाला, "आता सातवं लावू या."

"एक मिनिट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका वहिनी, पण इथं ते लावायचं नाही असं आपलं ठरलंय. दर वेळी भांडणं होतात."

"आज कोण भांडणार आहे?" रेकॉर्डवाला म्हणाला.

"मी नाही भांडत. मी म्हणते, त्यांना आवडणारी दुसरी गाणीही होतीच की. माणसाला चांगल्या गाण्यानं निरोप द्यावा."

"म्हणजे हे वाईट?"

"गुळमट आहे. आहे ते आहे."

झालं. बसवाले काका उठून उभे राहिले. मागच्यातला एक जण म्हणाला, निदान आज तरी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निदान आज तरी काय, मी त्यांच्या तोंडावरही हेच म्हणायचे. त्यांचं खरंही असावं. मी टाचणीकडे बघितलं. ती मांडीवरच्या पर्सचा पट्टा नीट करत होती.

तेवढ्यात दादा बोलायला लागला. डॉक्टरीणबाई त्याच्याकडे बघून जरा सैलावल्या. ते दोघं एकाच बाजूचे ना.

"तुम्हाला त्या गाण्यातलं काही कळलेलं नाही," दादा त्यांना म्हणाला. "दुसऱ्या कडव्यात आवाज फाटतो, तो त्यांनी तसाच ठेवला. पुन्हा गाऊन घेता आलं असतं. नाही घेतलं. ह्याला हिंमत लागते."

बाई बघतच राहिल्या. "अहो, तुम्हीच म्हणायचात की सर्दी झाली होती त्याला!"

"म्हणायचो. आज नाही म्हणत."

"असं कसं? एका महिन्यात गाणं बदललं?"

"गाणं नाही बदललं. तो इथं नाहीये बोलायला." दादाचा आवाज चढला. "मग त्याच्या बाजूनं कोण बोलणार? तुम्ही बोलणार?"

तो पुढंही बोलत राहिला. मेहुण्याचे सगळे मुद्दे त्याला पाठ होते, पण क्रम चुकत होता. व्हायोलिनबद्दल नवरा काय म्हणायचा ते त्याला आठवेना. दोनदा सुरुवात केली, दोनदा अडखळला. मग खाली बसला आणि म्हणाला, "गाणं भिकार आहे, ते सोडा. मुद्दा तो नाही."

कुणाला हसावं की काय करावं कळेना. रेकॉर्डवाला हळूच म्हणाला, "वहिनी, तुम्हीच सांगा. लावू का?"

"मला ते गाणं नीट माहीत नाही," टाचणी म्हणाली. "ते लागायचं तेव्हा मी स्वयंपाकघरात असायचे. लावा, ऐकते."

त्यानं लावलं. पियानो सुरू झाला. मला सांगायला हरकत नाही, मला बरं वाटलं ते गाणं. पण मला बरंच काही बरं वाटतं. खोलीतला एकही माणूस गाणं ऐकत नव्हता. सगळे टाचणीकडे बघत होते. डॉक्टरीणबाईंनी तर रुमाल काढून हातात तयार ठेवला होता, तिला द्यायला. व्हायोलिन आली, तो फाटका आवाज आला, गेला. टेबलावर मुंगी फिरताना बघावी तशी टाचणी त्या फिरणाऱ्या रेकॉर्डकडे बघत होती. गाणं संपलं. सुई खरखरायला लागली, रेकॉर्डवाल्यानं उचलली.

"थोडं लांबलंय," टाचणी म्हणाली. "मधलं कमी करता आलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी घाईघाईनं रुमाल पर्समध्ये टाकला. दादा खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. मग चहा झाला.

परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. तिकीट पर्समध्ये ठेवत म्हणाली, "मी मनापासून प्रयत्न केला गं. सगळे वाट बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी होईल. त्याला आवडायचं, एवढं तरी." मग म्हणाली, "घरी कांदे संपलेत, आठवण कर."

त्यानंतर दादानं त्या खोलीत जाणं सोडलं. डॉक्टरीणबाईंशी त्याचं वाजलं ते वाजलंच. टाचणीकडे मात्र शनिवारी जायचा. एका शनिवारी मीही होते. दुकानातलं राहिलेलं काम घरी नेलं होतं आम्ही. दादा बाहेरच्या खोलीत त्याच्या नेहमीच्या जागी बसला. समोरची खुर्ची मोकळी. एकटा माणूस भांडणार कुणाशी? थोडा वेळ त्यानं टीव्ही लावला, बंद केला. मग तो रडायलाच लागला, चांगला मोठ्यानं. टाचणी मशीन थांबवून त्याच्याकडे बघत राहिली. शेजारच्या घरातला आवाज ऐकावा तसं तिचं तोंड होतं.

"रडून घे," ती म्हणाली.

"तुला कसं गं रडू येत नाही?"

"नाही येत. झोपही येत नाही. डोळे मिटून पडते. भूक लागते की नाही तेही घड्याळात बघून ठरवते. त्याला काय करू?"

"येईल."

"येईल तेव्हा येईल." ती उठली, त्याला पाणी आणून दिलं. "दादा, तू त्या खोलीवर जा. शनिवारी इथं असा बसू नकोस, मला बघवत नाही. म्हणजे बघवतं, तेच बरं नाही. तिथं जा आणि तुला वाटतं ते बोल."

"काय बोलू? त्याच्या बाजूनं मला बोलता येत नाही. बघितलंस ना, पचका झाला."

"मग त्याच्या बाजूनं बोलू नकोस. गाणं भिकार आहे म्हण. तिथंही तेवढं जोरात म्हणणारं कुणी नाहीये आता."

"त्याला काय वाटेल?"

"त्याला माहीतच आहे तुझं मत."

दादा पाणी प्यायला. महिन्याचा तो रविवार आला तेव्हा गेला. डॉक्टरीणबाईंची माफी मागितली नाही, पण त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला, आणि त्यांनी ती माफी समजून घेतली. नवऱ्याची बाजू आता रेकॉर्डवाला लढवतो. तसा तो मऊ माणूस, त्याला ओरडता येत नाही. बसवाले काका मागून जोर लावतात. सातवं गाणं लावायचं नाही हा नियम त्यांनी मोडला तो मोडलाच.

टाचणीही कधीकधी जाते. मी कारण विचारलं नाही. एकदा तिनं आपणहून सांगितलं, "तिथं बोलावं लागत नाही."

मागच्या वेळी मी सोबत होते. भांडण रंगात आलं होतं. काका म्हणत होते, ज्याला हे गाणं समजत नाही त्याला बाकीची नऊ ऐकायचाही हक्क नाही. दादा म्हणत होता, मग तुम्ही बसमध्ये का नाही लावत, लावा आणि बघा किती लोक उतरून जातात. डॉक्टरीणबाई टाळ्या वाजवत होत्या. आणि मी बघितलं तर टाचणी झोपली होती. खुर्चीत, मान एका बाजूला कलंडलेली, तोंड किंचित उघडं. पर्स मांडीवरून घसरत होती, ती मी धरली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झालेला बघत होते मी.

मग दादाचं तिच्याकडे लक्ष गेलं. त्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. काका वाक्य अर्धं सोडून खाली बसले. रेकॉर्डवाल्यानं आवाज कमी केला, मग बंदच केला. खोली अगदी शांत झाली. खालचा पंपही थांबला होता.

टाचणीनं डोळे उघडले. सगळ्यांकडे बघितलं. कुठं आहोत ते तिला क्षणभर कळलं नसावं.

"काय झालं?" ती म्हणाली. "का थांबलात?"

"तुम्हाला झोप लागली होती वहिनी," रेकॉर्डवाला कुजबुजला.

"हो ना. चांगली लागली होती. घरी बाहेरच्या खोलीत दादा आणि तो असेच ओरडायचे आणि मी आत झोपून जायचे." तिनं माझ्या हातातून पर्स घेतली. "चालू द्या की तुमचं."

कुणी सुरुवात करेना. शेवटी डॉक्टरीणबाई घसा खाकरून म्हणाल्या, "तर मी म्हणत होते, व्हायोलिन." काका म्हणाले, "व्हायोलिनचं नाव काढू नका." आवाज पुन्हा चढायला लागले. टाचणीनं डोळे मिटून घेतले, पण झोप काही परत आली नाही. ती तशीच बसून राहिली, बसची वेळ होईपर्यंत.