काकांनी काढून नेलेला अलार्म

ते घर आठवलं की निवृत्तीनंतर आजही माझं डोकं तापतं. शिकागोजवळच्या एका उपनगरात मी डिटेक्टिव्ह होतो. ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच. म्हणूनच त्या हिवाळ्यात, विद्यार्थ्यांना डबे पुरवणाऱ्या एक मावशी थेट माझ्या टेबलापाशी आल्या.

"साहेब, त्या घरातल्या चौघी पोरी रोज डोकं धरून बसलेल्या असतात. डबे तसेच परत येतात. कॉलेजात गेल्या की बऱ्या, घरी आल्या की पुन्हा तेच. बघा ना जरा."

मी अग्निशमन दलाला सोबत घेऊनच गेलो. दार उघडताच त्यांचं मीटर वाजायला लागलं. तळघरातल्या हीटरची धूर बाहेर नेणारी नळी गंजून निखळली होती आणि विषारी वायू घरभर पसरत होता. वरच्या खोलीत एक मुलगी बेशुद्ध पडलेली. छताला विषारी वायूचा इशारा देणाऱ्या अलार्मचे स्क्रू होते, अलार्म नव्हता.

बाकीच्या तिघी ॲम्ब्युलन्समधूनही विनवत होत्या, "सर, प्लीज, कंप्लेंट नको. आम्ही व्हिसावर आहोत."

घरमालक आपल्याच मराठी मंडळींतले. सगळे त्यांना काका म्हणत, मीसुद्धा. नगरपालिकेने त्या घराबद्दल त्यांना तीनदा नोटीस काढली होती. दर वेळी ते दंड भरत, मुदत मागून घेत आणि दुरुस्ती टाळत. त्यातली एक नोटीस मीच देऊन आलो होतो. घर आतून न बघता, त्यांच्या बंगल्यावर चहा घेऊन परतलो होतो.

चौकशीच्या खोलीत त्यांना त्यांचे हक्क वाचून दाखवले. वकील नको म्हणाले. रेकॉर्डिंग सुरू होतं.

"अलार्म कुठे गेला?"

"खराब होता. उगाच वाजायचा."

"किती दिवस?"

"दोन-तीन दिवस सारखा. पोरी फोन करून पिडायला लागल्या, म्हणून काढून नेला."

"दुसरा लावलात?"

"लावणार होतो."

आपण काय कबूल केलं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. अलार्म खरं बोलत होता आणि त्यांनी त्याचं तोंड बंद केलं होतं.

गुन्हा दाखल झाला. शिवाय या वेळी नगरपालिकेच्या वकिलाने दंड मागितलाच नाही, घरच त्यांच्या ताब्यातून काढून घ्या म्हणाला. न्यायाधीशांनी घराचा ताबा आणि दुरुस्ती सांभाळायला रिसीव्हर नेमला. बांधकामातल्या एक अनुभवी बाई होत्या त्या. परवानगीशिवाय मालकाला उंबरठाही ओलांडता येणार नव्हता. बाईंनी हीटर, वायरिंग, कुजलेला जिना, सगळं बदलून घेतलं. खर्चाचा बोजा घरावरच चढला. उन्हाळ्याच्या तोंडाला तिघी तिथे परत राहायला आल्या. चौथी वाचली, पण वाचलेलं तिच्या लक्षात राहीना. शिक्षण अर्धवट टाकून ती नागपूरला परतली.

कोर्टाबाहेर घरमालकांनी मला अडवलं. "आपल्या माणसाला असं कोर्टात ओढतात का?"

"त्या पोरीही आपल्याच होत्या," मी म्हणालो. 'काका' हा शब्द जिभेवर आला नाही.

परका घरमालक असता तर नोटीस दिली त्याच दिवशी मी ते घर आतून पाहिलं असतं. पोरी व्हिसाच्या भीतीने गप्प राहिल्या, हे मी समजू शकतो. मी पोलीस होतो. मी भिडेपोटी गप्प राहिलो.