न लावायचा कंदील

दिवाळी तोंडावर आली होती. सासूबाई भाद्रपदात गेल्या, त्यामुळे यंदा घरात सण नव्हता. तरी दुपारी बघते तर बाबा, म्हणजे माझे सासरे, गॅलरीत पतंगाचा कागद कापत बसलेले.

"बाबा, यंदा कंदील लावायचा नाही ना?"

"लावायचा नाही," ते म्हणाले. "करायचाय."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मलाही काही वाटलं नाही. सासूबाई गेल्यापासून आमचं असंच चाललं होतं. दिवस उजाडत होता, जेवणं होत होती, भांडी घासली जात होती. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. मी कणकेची खळ शिजवून त्यांच्याजवळ नेऊन ठेवली.

कामट्यांचा सांगाडा बांधून झाला. मग बाबांनी मान वर न करता डावा हात बाजूला पसरला. दरवर्षी तिथे सासूबाई बसायच्या आणि पट्टीला खळ लावून त्यांच्या हातात द्यायच्या. त्या नाहीत हे बाबांना कळत होतंच, पण हाताला अजून कुणी सांगितलं नव्हतं. तो तसाच थांबून राहिला.

मी तिथे जाऊन बसले. एका निळ्या पट्टीला खळ लावली आणि त्यांच्या बोटांत दिली. त्यांनी न बघता ती चिकटवली, पुन्हा हात पसरला. बराच वेळ असं चाललं.

"खळ पातळ झालीय," बाबा एकदम म्हणाले. सासूबाईंवर करवादायचे, अगदी त्याच सुरात.

"हो," मी म्हटलं, "उद्या घट्ट शिजवते."